सातवं सूप

सकाळी कारखान्याच्या फाटकाबाहेर सहा सुपं भिंतीला टेकवून उभी केलेली होती.

माझं मी लांबूनच ओळखलं. त्याची एक कड उसवली होती, तिथं मी जुन्या लाल लुगड्याची पट्टी शिवली होती. विड्या वळणाऱ्या बाईचं सूप म्हणजे तिची कारखान्यातली जागा. दिवसभर ते मांडीवर, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा. संध्याकाळी घरी जाताना ते आपापल्या खुंटीला अडकवायचं. सूप रस्त्यावर आलं म्हणजे बाईला काढलं, हे आम्हाला कुणी सांगायला लागत नव्हतं. तरी गणपा दारवानानं सांगितलंच. तुम्हा सहाजणींना आजपासून काम नाही, शेटजींचा हुकूम आहे, फाटकासमोर गर्दी करू नका, म्हणाला. बोलताना त्यानं आमच्याकडं बघितलं नाही.

अंबव्वानं आपलं सूप उचललं आणि उगाचच झटकलं. ती आमच्यात सगळ्यात थोरली, तीस वर्षं त्या कारखान्यात बसलेली. तंबाखूच्या खकाण्यानं तिचा खोकला असा झाला होता की ती येतीये हे वळणावरूनच कळायचं. खोकला थांबल्यावर ती मला म्हणाली, "मास्तरीण, सहाच कशी गं? आपण सात होतो."

मलाही तेच दिसलं होतं. फाटकाच्या गजांतून आत बघितलं, तर सातवी आपल्या जागेवर बसून पानं कातरत होती. नागमणी गाजूल. आमच्याकडं तिनं एकदाच वर बघितलं आणि परत मान खाली घातली.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी, हे मी कबूल करते. दूध घेताना बोट बुडवून बघायची, शेजारीण हसली तर का हसली म्हणून अर्धा दिवस विचार करायची. त्यामुळं त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही. सातजणींचं गुपित होतं, सहा बाहेर आणि एक आत. ह्यात विचारायचं काय राहिलं?

आता गुपित कसलं होतं ते सांगते. साठ सालाच्या पुढचीमागची गोष्ट आहे, सोलापूरच्या पूर्व भागातली. आम्ही घरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका, पण कारखान्यात सगळ्या जातींच्या बायका असायच्या, म्हणून मराठी. विड्या तपासायला बसलेला माणूस मनाला येईल तितक्या विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा आणि आमच्यासमोर मोडायचा. त्या विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत, आणि मोडल्या म्हणून सांगून धड विड्या तो स्वतःकडं सरकवायचा, हेही आम्ही बघितलं होतं. तोंड उघडलं की सूप बाहेर. गिरणीतले सातपुते मास्तर आम्हाला समजावून सांगायला यायचे. यंत्रात त्यांची दोन बोटं गेली होती, तीच नसलेली बोटं दाखवत बोलायचे. तिकडं अमेरिकेत शिकागो म्हणून गाव आहे, तिथल्या कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी जीव दिला, तिथल्या बायकासुद्धा कारखान्यातून उठून रस्त्यावर बसल्या, असं सगळं. सिद्धव्वानं एकदा त्यांना विचारलं होतं, तिथं छाट कोण काढतं? मास्तर म्हणाले, नावं वेगळी असतात बाई, छाट सगळीकडं असते.

मास्तरांनी सांगितलं, सात सह्यांचा अर्ज झाला की युनियनची सरकारात नोंद होते. नोंद झाली की शेटला असं उठून कुणाला काढता येणार नाही, जाब द्यावा लागेल. पण अर्ज कचेरीत पोचेपर्यंत एक अक्षर बाहेर फुटू द्यायचं नाही. म्हणून मी सात बायका मुद्दाम सात गल्ल्यांतल्या निवडल्या. एकमेकींच्या घरी जाणंयेणं नसलेल्या, म्हणजे कुणाला वास लागायला नको. मी चौथीपर्यंत शिकलेली, लिहिता येणारी एकटी. म्हणून मला सगळ्या मास्तरीण म्हणायच्या आणि मला ते आवडायचं.

रविवारी दुपारी अंबव्वाच्या अंगणात अर्ज भरायला बसलो. पहिल्या रकान्यात बाईचं नाव, दुसऱ्यात नवऱ्याचं. तिथंच घोडं अडलं. आमच्यात नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नसे. लग्नात, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं तर घेतलं, एरवी नाही. मी अंबव्वाला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "देवाचं नाव आहे."

"तेहतीस कोटीतल्या कुठल्या?" मी म्हटलं.

सगळ्या हसायला लागल्या. सिद्धव्वा म्हणाली, आमच्या ह्यांचं नाव अंबव्वाच्या थोरल्या जावयाचंच आहे. अंबव्वा म्हणाली, मग मी जावयाचं तरी नाव कसं घेऊ? असा तमाशा. गल्ल्या वेगळ्या, त्यामुळं एकीला दुसरीच्या नवऱ्याचं नाव ठाऊक नाही. माझ्या स्वतःच्या नवऱ्याचं नाव मी बोलले नाही, नुसतं लिहून टाकलं. लिहिता येण्याचा तो एक फायदा होता.

नागमणीची पाळी आली. तिनं हातातली सुपारी तोंडात टाकली आणि सरळ म्हणाली, "राजय्या. राजय्या मल्लय्या गाजूल. लिही."

सिद्धव्वानं कानाला हात लावला. नागमणीनं अंगठा उमटवला, बोट पदराला पुसलं आणि घरी गेली. ती गेल्यावर बायका बोलल्याच. जिला नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटत नाही तिला कशाची वाटणार, असं. मी मनात नोंद करून ठेवली. बाकी पाचजणींचे अंगठे घेतले, दुसरा रकाना मोकळा ठेवला आणि म्हटलं, नावांचं मी बघते, तुम्ही जा. एका दिवसात ती मी भरूनही घेतली. मंगळवारी सकाळी सुपं बाहेर होती.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. आम्ही सहाजणी रोज फाटकासमोरच्या पारावर जाऊन बसायचो. दुसऱ्या कारखान्यांनीही दार उघडलं नाही, नावं सगळीकडं पोचली होती. मास्तर म्हणाले, थांबा, घाई करू नका, नीट विचार करा. पण आम्हाला विचार करायला नागमणीशिवाय विषयच नव्हता. आतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत गजांपाशी येऊन बातम्या द्यायच्या. नागमणीला खिडकीजवळची जागा दिलीये. नागमणीची छाट निघत नाहीये, चार दिवसांत एक विडी मोडलेली नाही. एवढं ऐकल्यावर अंबव्वासारखी सबुरीची बाईसुद्धा फिरली. "मी तिला मुलीसारखी मानत होते," म्हणाली आणि रडली. म्हातारीला रडताना बघून माझं डोकं सणकलं.

शेटशी आमचा हात पोचत नव्हता, नागमणीशी पोचत होता. आमच्या कारखान्यात पाण्याची एक रीत होती. विड्या वळताना सारखं उठून हाताची लय मोडून चालत नाही. म्हणून जी कुणी उठेल तिनं माठातून तांब्या भरून आपल्या रांगेतल्या सगळ्यांना पाणी द्यायचं. भांडण असलं, अबोला असला, तरी पाणी द्यायचं. मी गजांतून आत निरोप पाठवला, की आजपासून तिला कुणी पाणी द्यायचं नाही.

आणि बायकांनी ऐकलं. तांब्या रांगेतून यायचा, नागमणीपाशी आला की तिला ओलांडून पुढं जायचा. तिनं मागितलं नाही. स्वतः उठून माठापाशी गेली तर बायकांनी झाकणावर हात ठेवला. मी अर्जावरच्या तिच्या नावावर रेघ मारली, एक नाही, तीन मारल्या, कागद फाटेपर्यंत. नवव्या दिवशी ती आली नाही, दहाव्या दिवशीही नाही. तिचं सूप तिनंच खुंटीवरून काढून नेलं होतं. शेटनं सहा काढल्या, सातवी आम्ही काढली. त्या दिवशी आम्ही पारावर चिवडा आणून खाल्ला, हे सांगायला मला आज लाज वाटते.

आनंद दोन दिवस टिकला. मास्तरांनी अर्ज मागितला आणि मोजून बघितला. सहा सह्या. सहाचा अर्ज कचेरी घेत नाही. आतल्या एकीलाही सातवी व्हायची छाती होत नव्हती, आमची गत रोज डोळ्यांसमोर बसलेली असायची. मास्तर म्हणाले, कुणीतरी सातवी आणा, नाहीतर हे सगळं इथंच संपलं. अंबव्वाच्या घरात चूल एकवेळ पेटायला लागली होती. आणि कागद फाटलेला, म्हणून निदान नवा तरी लिहून ठेवू म्हणून मी दुपारी घरी बसले.

जुना अर्ज मी तांदळाच्या डब्यात ठेवला होता. तो काढायला हात घातला, तर डबा कलंडला आणि तांदळाबरोबर एक चिठ्ठी बाहेर पडली. विडीच्या बंडलाच्या लेबलाची पाठकोरी बाजू, त्यावर वळणदार अक्षरात पाच नावं. नरसय्या, बालय्या, अशी. अक्षर माझं नव्हतं, शिवलिंगअण्णांचं होतं.

शिवलिंगअण्णा म्हणजे आमचे हजेरी मुनीम. माझं लिहिणं सुटू नये म्हणून मला जुनी वर्तमानपत्रं देणारे, माझ्या बापाच्या वयाचे. रविवारी पाच रकाने मोकळे राहिले, तेव्हा मला वाटलं, हजेरीपुस्तकात प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव असतंच की. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सांगितलं, सरकारी दवाखान्यात छाती तपासून घ्यायचा अर्ज लिहायचाय, ह्या पाच बायकांच्या नवऱ्यांची नावं पाहिजेत. त्यांनी तिथल्या तिथं लिहून दिली. ही गोष्ट मी विसरले नव्हते. तिची मोजणीच केली नव्हती. गुपित सातजणींचं, असं मी म्हणत राहिले आणि आठव्याच्या टेबलावर ते स्वतःच्या हातानं ठेवून आले.

चिठ्ठीतली पाच नावं म्हणजे अंबव्वा, सिद्धव्वा आणि बाकीच्या तिघी. चिठ्ठी मागायला गेलेली मी. झाल्या सहा. नागमणीच्या नवऱ्याचं नाव मला विचारावं लागलं नव्हतं, कारण तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

तांदूळ सांडलेले, ते भरायचंही सुचलं नाही. तरी माझा संशयी जीव लगेच दुसरीकडं धावला. माझी चूक असेल, पण फितूर तर अण्णा निघाले, असं मी स्वतःला सांगितलं. सोमवारी सकाळी ते सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात, मला ठाऊक होतं. देवळाच्या पायऱ्यांवरच त्यांना गाठलं आणि चिठ्ठी पुढं धरली.

त्यांनी चष्मा पुसून ती वाचली. मग सांगितलं, की मी टेबलापाशी उभी असताना शेटजींनी काचेतून बघितलं होतं. मी गेल्यावर त्यांनी विचारलं, काय लिहून दिलं? दवाखान्याच्या अर्जासाठी नावं, अण्णा म्हणाले. कुणाकुणाची? अण्णांनी सांगितली. एकदम पाचजणींचा अर्ज म्हटल्यावर शेटनं काय ते ओळखलं असणार. "दवाखान्याचं लपवायचं कशाला, असं वाटलं मला," ते म्हणाले. "तू मला खरं सांगितलं असतंस, तर मी तोंड शिवून बसलो असतो. तुला माझा भरवसा नव्हता, मग माझ्याकडं आलीसच का?"

ते खरं बोलत होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ते पायऱ्या चढून वर गेले आणि मी तिथूनच नागमणीच्या घराकडं निघाले.

ती दारातच राट फिरवत सुताच्या कांड्या भरत बसली होती. कारखाना सोडल्यावर तिनं कुणा हातमागवाल्याचं ते काम धरलं होतं. तिचं विडीचं सूप कोपऱ्यात उपडं पडलेलं होतं. मला बघून तिनं राट थांबवला नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिठ्ठी, अण्णा, शेट, काच. बोलताना माझा घसा सुकला होता, पण पाणी मागायचं तोंड कुठं होतं मला?

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तेव्हा तिनं राट थांबवला. "त्या सोमवारी माठ भरायची पाळी माझी होती. तू अण्णाच्या टेबलापाशी उभी होतीस, अण्णा लिहीत होता. दुसऱ्या दिवशी सुपं बाहेर बघितली तेव्हाच समजले."

"मग छाट? आणि ती खिडकीची जागा?"

"तुम्हाला दिसावं आणि आपल्यात फूट पडावी म्हणून. पहिल्या सकाळी तुम्ही सगळ्या गजांतून माझ्याकडंच बघत होता, ते त्यानं हेरलं. शेटला काय कळत नाही होय, बायका कशाकडं बघतात ते? पहिल्या दिवशीच माझ्या ध्यानात आलं. मी मुद्दाम चार विड्या सैल वळल्या, त्यासुद्धा मोडल्या नाहीत त्यानं."

मला रागच आला. खरं सांगते, तिचा राग आला. एवढं सगळं ठाऊक होतं तर ही बाई गप्प का बसली, एका शब्दानं आमचे डोळे उघडले असते. मी तसं म्हटलंही. नागक्का, तू बोलली का नाहीस?

"तू मला विचारलंस?" ती म्हणाली. "मुनीमला विचारायला गेलीस. आतल्या बायकांना गजातून विचारत होतीस, ती काय करती, कुठं बसती. आठ दिवस मी तुझ्यासमोरून आतबाहेर केलं. एकदा तरी विचारलंस, नागक्का, हे काय झालं म्हणून?"

तिनं तुटलेला धागा जोडला आणि खालच्या आवाजात बोलत राहिली, माझ्याशी की राटाशी कळत नव्हतं. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी भिवंडीला मागावर कामाला गेला तो परत आलाच नव्हता. ती एकटी गेली होती शोधायला. पोलीस चौकीत, पोस्टात, शंभर कारखान्यांच्या दारात उभं राहून त्याचं नाव सांगावं लागलं होतं. "पहिल्यांदा घेताना जीभ वळत नव्हती," म्हणाली. "मग वळायला लागली. तुमच्या लाजा घरात नवरे आहेत म्हणून आहेत."

मी खाली बसले आणि तिच्या पायाला हात लावायला गेले, तर तिनं पाय मागं घेतला.

"ते नको. अर्जाला सातवी पाहिजे ना? मी अंगठा देते. शेटनं मला वापरलंय, त्याचं मला चुकतं करायचंय. पण माझ्याबद्दल जे तू पारावर बसून बोललीस, ते पारावरच परत घे. सगळ्यांसमोर. मग कागद घेऊन ये."

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पारावर उभी राहिले. आम्ही सहाजणी आणि गजांच्या आत पन्नास एक बायका. गणपा दारवानही ऐकत होता, म्हटलं ऐकू दे. मी सुरुवातीला थोडं गोलगोल बोलले, अण्णांच्या माथी मारायचा प्रयत्न केला. मग अंबव्वाचा चेहरा बघितला आणि सरळ सांगितलं. नावं मी फोडली. नागमणीनं काही केलं नाही. तिचं पाणी मी बंद केलं.

आतल्या बायका एकेक करून गजांपासून बाजूला झाल्या. सिद्धव्वा पाराखाली थुंकली. मला वाटलं, आता ह्या उठून जाणार, युनियन गेली आणि मीही गेले. अंबव्वाला खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत सगळ्या थांबल्या. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "कागद काढ. नरसय्या. नरसय्या लिंगय्या येमूल. आता तरी कुणाला विचारायला जाऊ नको."

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं ते नाव पहिल्यांदा असं उघड्यावर घेतलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिच्या मागून सिद्धव्वा बोलली, मग बाकीच्या, कुणी पदराआडून, कुणी डोळे मिटून. हसलं कुणीच नाही. शेवटी माझी पाळी होती. मी ते लिहून टाकणार होते, पण सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी मोठ्यांदा बोलले आणि मग लिहिलं.

संध्याकाळच्या आत नागमणीचा अंगठा सातव्या ओळीत उमटला. अर्ज गेला, नोंद झाली. तरी पुढं सव्वा वर्ष आम्ही कचेरीच्या खेपा घातल्या, तेव्हा कुठं सहा सुपं परत आत गेली. सहा नाही, सात. छाट आमच्यासमोर आणि आमच्यातली एक बाई शेजारी बसवून काढायची, हेही शेटला लिहून द्यावं लागलं. त्या दिवशी फाटकातून आत जाताना अंबव्वा सगळ्यात पुढं होती.

नागमणी नंतर वीस वर्षं माझ्याच रांगेत बसली. प्रत्येक बैठकीला आली, प्रत्येक मोर्च्यात माझ्या शेजारून चालली. माझ्या मुलीच्या लग्नात तिनं घरच्यासारखं काम केलं. पण कारखान्यात मी पाण्याला उठले आणि तांब्या घेऊन रांगेतून तिच्यापाशी आले, की ती हसून मान हलवायची, मला नको म्हणायची. मी पुढं गेले की थोड्या वेळानं हातातली विडी खाली ठेवायची आणि स्वतः उठून माठापाशी जाऊन पाणी प्यायची.